टाकी भरली की गाडी का थांबते?

मी रायपूरहून बोलतोय. फौजेत माझं सगळं आयुष्य ई.एम.ई.मध्ये गेलं. ई.एम.ई. म्हणजे रणगाड्यापासून जीपपर्यंत जे जे चालतं, ते चालतं ठेवणारी शाखा. निवृत्तीनंतर बायकोच्या माहेरगावी घर केलं. हातांना काम नसेल तर मला झोप येत नाही, म्हणून ओळखीच्यांच्या जुन्या गाड्या बघतो. पैसे घेत नाही. चहा मात्र दोनदा घेतो.

आज एका गाडीची गोष्ट सांगणार आहे. गोष्ट पेट्रोलची आहे, म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत का पोचत नाही, हे कसं शोधायचं याची. तुमच्याकडे जुनी स्पोर्ट्‌स कार नसेल. चालेल. जुनी स्कूटर असेल, शेतावरचा पंप असेल, तरी ही पद्धत उपयोगी पडेल.

गाडी आहे एम.जी.ए. इंग्लंडमध्ये अ‍ॅबिंग्डन नावाच्या गावी १९५५ ते १९६२ या काळात बनली. एकूण लाखाच्या वर बनल्या आणि त्यांतल्या बहुतेक परदेशी गेल्या. दोन माणसांची, बुटकी, उघडी गाडी. चार सिलिंडर, सुरुवातीच्या मॉडेलला १४८९ सी.सी.चं इंजिन आणि एस.यू. कंपनीचे दोन कार्ब्युरेटर. ही गाडी तात्यापाऱ्यातल्या एका मराठी कुटुंबाची. सासऱ्यांनी ती कलकत्त्याला, मायदेशी परत निघालेल्या एका इंग्रज साहेबाकडून घेतली होती. त्यांच्यामागे मुलाने सांभाळली. तो माझा मित्र. तो गेला, त्याला आता चार वर्षं झाली. त्यानंतर वहिनी स्वतः चालवायला लागल्या. वय अडुसष्ट. डोक्याला रुमाल बांधून त्या तेलीबांध्याच्या तळ्यावरून जायला लागल्या की लोक वळून बघत.

मग गाडी रस्त्यात बंद पडायला लागली.

वहिनी मला चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात, गणपतीच्या कार्यक्रमात भेटल्या. म्हणाल्या, "भावोजी, गाडी विकायची ठरवलीय. गिऱ्हाईक आहे. मुलगा पुण्याहून रोज फोन करतो, आई, काढून टाक." मी विचारलं, "काय होतंय?" तर म्हणाल्या, "घरून नीट निघते. काही किलोमीटर गेलं की अडखळते, खोकते, थांबते. पंधरा-वीस मिनिटं उभी ठेवली की जणू काही झालंच नाही, अशी सुरू होते. परवा रिंग रोडवर ट्रकच्या पुढ्यात थांबली. तेव्हा ठरवलं."

आता आधी काय काय झालं होतं ते ऐका. प्लग बदलले. कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला. दोन्ही कार्ब्युरेटर खोलून साफ झाले. पेट्रोलचा पंप दुरुस्त झाला. एकाने पाइपला ओलं फडकं गुंडाळून दिलं होतं, ते वाळून तसंच लोंबत होतं. शेवटच्या गॅरेजने सांगितलं, "मॅडम, मारुतीचं इंजिन टाकू, कायमचा त्रास गेला."

इथे जरा थांबतो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत बदल केला. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते, तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. अट मूळ स्वरूपाची. मारुतीचं इंजिन टाकलं की तो दरवाजा बंद. शिवाय गाडीची किंमत जाते ती वेगळीच. आणि वहिनींच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मग ती त्यांच्या घरची गाडी उरत नाही.

मी म्हटलं, "गिऱ्हाइकाला पंधरा दिवस थांबवा."

पहिला प्रश्न असा, की इंजिन ठिणगीवाचून थांबतंय की पेट्रोलवाचून? माझा ठोकताळा सांगतो. ठिणगी गेली की इंजिन बहुधा दिवा विझावा तसं एकदम बंद होतं. पेट्रोल संपत आलं की ते धापा टाकतं, झटके देतं, पाय उचलला की जरा सावरतं, पुन्हा दाबला की पुन्हा मान टाकतं. पण ठोकताळ्यावर थांबायचं नाही. गाडी थांबली, की तिथेच, त्याच मिनिटाला कार्ब्युरेटरच्या फ्लोटच्या वाटीचं झाकण उघडून बघायचं. वाटीत पेट्रोल भरलेलं असेल तर पेट्रोलचा दोष नाही, ठिणगीकडे वळा. वाटी कोरडी असेल तर पेट्रोल पोचलेलं नाही. हे करताना इंजिन गरम असतं आणि सायलेन्सरचा पाइप कार्ब्युरेटरच्या खालीच असतो. तेव्हा स्विच बंद, हाताशी आग विझवायचा सिलिंडर, आणि सिगारेटवाला बघ्या शंभर पावलं लांब.

मी वहिनींच्या शेजारी बसून नवा रायपूरच्या रुंद रस्त्यावर गेलो. गाडी थांबली. वाट्या बघितल्या. दोन्ही जवळजवळ कोरड्या. म्हणजे प्लग, कॉइल, कंडेन्सर यांचा सगळा खर्च या एका झाकणाखाली बघितलं असतं तर वाचला असता.

दुसरी पायरी कानाची. एम.जी.ए.चा पंप विजेवर चालतो आणि तो इंजिनाजवळ नसतो, मागे टाकीजवळ, चासीवर असतो. आत एक पडदा. विद्युतचुंबक तो पडदा ओढतो, तेव्हा टाकीतून पेट्रोल आत येतं. पॉइंट सुटले की स्प्रिंग पडदा ढकलते आणि पेट्रोल पुढे जातं. प्रत्येक फेरीला 'टिक' असा आवाज येतो. हा आवाज म्हणजे या गाडीची नाडी. किल्ली फिरवली की काही सेकंद भराभर टिकटिक, वाट्या भरल्या की शांत. हा निरोगी पंप. टिकटिक थांबतच नाही आणि फार जलद चालते, तर टाकीकडच्या बाजूने कुठून तरी हवा ओढली जातेय किंवा टाकीत पेट्रोलच नाही. मुळीच आवाज नाही आणि वाट्या रिकाम्या, तर पॉइंट, वायर, अर्थिंग तपासा. आणि इथे लक्षात ठेवा, या गाडीचं अर्थिंग बॅटरीच्या धन टोकाला आहे, आपल्या आजच्या गाड्यांच्या उलट. आणि जर आवाज मंद, जड, ओढून ताणून येत असेल आणि पंप हाताला गरम लागत असेल, तर पंपाला मागून मिळत नाहीये. टाकीच्या बाजूला अडथळा आहे.

त्या दिवशी रस्त्यावर मी गुडघ्यांवर बसून कान लावला. टिक… बराच वेळ… टिक. आणि पंप तापलेला.

तिसरी पायरी बाटलीची. कार्ब्युरेटरकडे येणारा पाइप सोडायचा, बाटलीत धरायचा, स्विच चालू करून एक मिनिट मोजायचं. या पंपाने मिनिटाला अर्धा लिटर तरी टाकायला हवं. गाडीला लागतं किती? ताशी ६० किलोमीटरने चालली आणि लिटरला १० किलोमीटर दिले, तर तासाला ६ लिटर, म्हणजे मिनिटाला १०० मिलिलिटर. पंपाकडे गरजेच्या पाचपट ताकद. मागच्या गॅरेजनेही ही चाचणी केली होती आणि पंप पास झाला होता. मी घरी आल्यावर केली, माझ्याकडेही पास झाला.

मग रस्त्यात नापास का? कारण आपण चाचणी बऱ्या झालेल्या माणसाची घेत होतो. ताप उतरल्यावर थर्मामीटर लावून काय कळणार?

आता सगळ्यांच्या तोंडी असलेलं निदान घेऊ, व्हेपर लॉक. म्हणजे उष्णतेने पाइपातच पेट्रोलची वाफ होते आणि पंप द्रवाऐवजी वाफ ढकलत बसतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, त्यामुळे रायपूरमध्ये कुठलीही जुनी गाडी थांबली की लोक डॉक्टर होतात, "व्हेपर लॉक है." जुन्या जीपला, अ‍ॅम्बेसेडरला हे होतं, कारण त्यांचा पंप इंजिनावर असतो आणि तो लांबून पेट्रोल ओढतो. ओढलेलं पेट्रोल लवकर उकळतं. पण एम.जी.ए.चा पंप मागे असतो आणि ढकलतो. ढकललेल्या पेट्रोलवर दाब असतो, ते सहज उकळत नाही. होणारच नाही असं नाही, पण संशय कमी.

मी वहिनींना विचारलं, "उन्हाळ्यात जास्त होतं का?" त्या आत गेल्या आणि एक वही घेऊन आल्या. त्यांच्या यजमानांची सवय, गाडी काढली की तारीख, किलोमीटर, पेट्रोल लिहायचं. वहिनींनी ती चालू ठेवली होती. जानेवारीतल्या सकाळी, अंगावर शाल असताना, गाडी थांबलेली. मे महिन्यात उलट कमी वेळा. व्हेपर लॉक तिथेच संपला.

आणि मग त्या सहज म्हणाल्या, "भावोजी, मला काय वाटतं सांगू? टाकी भरली की ही बंद पडते. थोडं पेट्रोल असलं की नीट चालते. तीन गॅरेजवाल्यांना सांगितलं. हसले. म्हणाले, मॅडम, पेट्रोल जास्त झालं म्हणून गाडी थांबते होय?"

मंडळी, हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. १९८८ साली. मी कॅप्टन होतो, वर्कशॉप माझ्याकडे होतं. एका युनिटची जोंगा आमच्याकडे वारंवार यायची. जोंगा म्हणजे जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत बनणारी, निस्सानच्या गाडीवर बेतलेली, पेट्रोलवर चालणारी दणकट गाडी. ती रस्त्यात थांबायची, वर्कशॉपमध्ये मात्र उत्तम चालायची. तिचा ड्रायव्हर तरुण शिपाई होता. तो मला म्हणाला होता, "साब, टंकी फुल रहती है तो इसका दम घुटता है."

मी हसलो होतो. मी इंजिनिअर, तो दहावी नापास. मला वाटलं, हा पेट्रोल विकून टाकीत रॉकेल घालत असणार आणि वर गोष्टी सांगतोय. मी अहवालात लिहिलं, 'ड्रायव्हरचा निष्काळजीपणा.' मोजमाप एकही नव्हतं, नुसतं मत होतं. त्याला गाडीवरून उतरवलं, लंगरच्या कामाला लावलं आणि त्याची मंजूर रजा रद्द झाली. रजा बहिणीच्या लग्नाची होती. ते मला नंतर कळलं.

दोन महिन्यांनी दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाती तीच गाडी तशीच थांबली. आमच्या एका जुन्या हवालदाराने टाकीचं झाकण उघडलं आणि 'फुस्स' आवाज झाला. कुणीतरी कधीतरी दुसऱ्याच गाडीचं, हवेचं भोक नसलेलं झाकण बसवलं होतं. टाकीतून पेट्रोल बाहेर जातं, तेवढी हवा आत यायला हवी. हवा आली नाही तर आत पोकळी तयार होते आणि पंपाला ओढवेना होतं. त्या पोराने 'दम घुटता है' म्हणून सांगितलं होतं. याहून अचूक शब्द माझ्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकात नव्हता.

आता टाकी भरलेली असताना हे जास्त का? हिशोब सोपा आहे. टाकी भरलेली असेल तर वर हवेला जागा समजा ३ लिटर. एक लिटर पेट्रोल गेलं की त्याच हवेला ४ लिटर जागा व्यापावी लागते. दाब बराच उतरतो. टाकी अर्धी असेल तर वर २० लिटरच्या आसपास हवा. तीच एक लिटरची जागा वाढली तर दाब जेमतेम उतरतो. म्हणून भरलेली टाकी लवकर गुदमरते. आणि थंडीत जास्त का? कारण उन्हाळ्यात पेट्रोलची भरपूर वाफ होते आणि ती वाफच रिकामी जागा भरून काढते. व्हेपर लॉकच्या बरोबर उलट. पंधरा मिनिटांनी गाडी बरी का होते? बारीक फटीतून हळूहळू हवा आत झिरपते म्हणून. आणि गॅरेजमध्ये पंप पास का होतो? एका मिनिटात पोकळी तयार होत नाही, आणि बहुतेक वेळा पेट्रोल किती आहे बघायला कुणीतरी झाकण उघडलेलं असतं.

पण १९८८ नंतर मी एक शिकलो. कळलं असं वाटणं म्हणजे कळणं नव्हे. सिद्ध करायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी गच्च भरली. तेलीबांध्याहून नवा रायपूरकडे. सातव्या किलोमीटरला गाडी अडखळली. मी खाली उतरून कान लावला, तीच जड टिक. वहिनींना म्हटलं, "झाकण तुम्ही उघडा." त्यांनी उघडलं. फुस्स. आणि त्याच क्षणी पंप तडातडा टिकटिकायला लागला. गाडी पहिल्या सेल्फला सुरू. वहिनी काही बोलल्या नाहीत, झाकण हातात धरून उभ्या राहिल्या.

एवढ्यावर घरी जायचं नाही. झाकण लावून पुन्हा टाकी भरली, पुन्हा गेलो. पुन्हा तेवढ्याच अंतरावर थांबली. मग फक्त या चाचणीपुरतं, झाकण सैल ठेवून, टाकी काठाखाली ठेवून, रिकाम्या रस्त्यावर सावकाश गेलो. २५ किलोमीटर झाले, थांबली नाही. दोष आणता आला, घालवता आला, पुन्हा आणता आला. याला निदान म्हणतात.

मग वहिनींना विचारलं, "दोष सुरू व्हायच्या आधी गाडीत काय बदललं?" वही उघडली. घरातल्या एका लग्नासाठी सगळी चकचकीत कामं झाली होती. झाकणालाही नवं क्रोमियम चढवलं होतं, आत नवं रबर बसवलं होतं. झाकणाच्या आतल्या पत्र्याखाली हवेचं बारीक भोक असतं. ते पॉलिशच्या लगद्याने जवळजवळ बुजलं होतं आणि उरलेल्यावर नवं रबर बसलं होतं. बारीक तार, थोडं रॉकेल, रबराला एक खाच. अर्धा तास. खर्च शून्य.

आता पेट्रोलबद्दल दोन शब्द, कारण हा प्रश्न मला सगळे विचारतात. फेब्रुवारी २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि आता ते जवळजवळ सगळीकडे आहे. वहिनींच्या गाडीचा दोष त्याचा नव्हता. उगाच त्याच्यावर खापर फोडू नका. पण १९५०च्या दशकातलं रबर आणि बुचाची पॅकिंग या मिश्रणासाठी बनलेली नाहीत, ती फुगतात, मऊ पडतात. इथेनॉल टाकीतली जुनी घाण सोडवतं आणि ती जाळीत अडकते. ते पाणीही ओढून घेतं, म्हणून पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टाकीत तळाला पाणी साचू शकतं. तेव्हा रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या बसवा, जाळी साफ ठेवा, गाडी पंधरवड्याला एकदा फिरवा. आणि पंप बिघडलाच तर इंजेक्शनवाल्या आधुनिक गाडीचा पंप बसवू नका. त्याचा दाब कित्येक पटींनी जास्त असतो. फ्लोटचा काटा तो अडवू शकत नाही, आणि पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरवर सांडतं.

तर क्रम लक्षात ठेवा. आधी चालवणाऱ्याला विचारा, कधी थांबते, कशी थांबते, त्याआधी काय बदललं. मग थांबलेल्या जागीच वाटी बघा. मग पंपाची नाडी ऐका. मग टाकीचं झाकण उघडा. मग बाटलीने मोजा. पाना सगळ्यात शेवटी. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. पाच बदलल्या आणि गाडी सुधारली तर कशाने सुधारली हे कळत नाही. नाही सुधारली तर नवे दोष तुम्हीच घातलेले असतात.

त्या शिपायाचं राहिलं. दोष सापडला तेव्हा त्याची बदली झाली होती. मी अहवाल दुरुस्त केला, त्याच्या नव्या युनिटला पत्र पाठवलं. माझ्या सहीचं, सरकारी भाषेतलं. 'चुकलो' हा शब्द सरकारी पत्रात बसत नाही, आणि वेगळं पत्र लिहायचं मला तेव्हा सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं, कमीपणा वाटला. त्याच्या बहिणीचं लग्न काही मला पुन्हा लावता येणार नव्हतं.

म्हणून वहिनींनी ते वाक्य उच्चारलं, तेव्हा मी हसलो नाही. एवढंच काय ते छत्तीस वर्षांत शिकलो.

गाडी विकली नाही. मागच्या महिन्यात वहिनी राजीमला जाऊन आल्या. टाकी भरून. महानदीच्या पुलावरून त्यांनी फोन केला, "भावोजी, थांबले आहे." माझ्या छातीत धस्स झालं. त्या म्हणाल्या, "गाडी नाही हो. मीच थांबलेय. नदी बघतेय."